फोर्नेल्सच्या अलीकडे, माझाच आवाज

आधीच कबूल करते. या ग्रुपवर इतरांच्या अनुभवांखाली खवचट कॉमेंट टाकणारी जी बाई आहे ना, ती मीच. "जागरण कमी करा." "बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या." "घरात कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर लावा." मी शिकागोजवळ शॉमबर्गला राहते आणि एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बावीस वर्षं काम करतेय. ज्याचा नमुना घेऊन मशीनमध्ये घालता येत नाही, ते माझ्या लेखी नसतंच. कोणाच्या अंगात आलं असं ऐकलं की मला आधी त्या बाईचं हिमोग्लोबिन किती ते विचारावंसं वाटतं. तेव्हा आता मीच इथे लिहायला बसलेय म्हटल्यावर ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या. तुमचा हक्कच आहे तो.

आणखी एक. यात भूतबित काही नाही. यात मी आहे, आणि मी काही फार शहाण्यासारखी वागलेली नाही. ते लपवलं तर पुढचं सांगण्यात अर्थ नाही, म्हणून सगळं सांगते.

आम्ही पाच जण होतो. मी, माझा नवरा मिलिंद, आमची मुलगी ईरा — तेव्हा सोळाची. माझी आई, वय चौऱ्याहत्तर, मिरजेहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेली. आणि माझी धाकटी बहीण रेवा.

रेवा माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तिला अमेरिकेत आणलं मी. एमएसचे फॉर्म मी भरले, पहिल्या थंडीतला कोट माझा, साधा भात कसा लावायचा तेसुद्धा फोनवर मी शिकवलं. आता ती तिकडे पूर्व किनाऱ्याजवळ हर्नडनला असते, मोठ्या पोस्टवर आहे. मध्यंतरी लग्न केलं, मोडलं, आणि बाईसाहेबांनी त्याचं सुतकही धरलं नाही — सेलिंग शिकायला लागल्या. चेसापीकच्या खाडीत दर वीकेंडला शिडाची बोट घेऊन जायचं. हळूहळू परीक्षा दिल्या, सर्टिफिकेटं मिळवली. आणि ईरा दहा वर्षांची झाल्यापासून दर उन्हाळ्यात तीन आठवडे मावशीकडे.

तिथून आली की उन्हाने करपलेली असायची, तळहाताला दोऱ्यांचे घट्टे, आणि तोंडात एकच जप — मावशी सेज दिस, मावशी सेज दॅट. मी भेंडी केली तर म्हणे, "मावशी डझन्ट ओव्हरकुक इट." अगं बये, तुझ्या मावशीला भेंडी चिरायला कोणी शिकवली? ब्रेसेसच्या अपॉइंटमेंटा माझ्या, व्हायोलिनच्या क्लासबाहेर गाडीत बसणं माझं, तापात रात्रभर कपाळावर पट्ट्या माझ्या... आणि लाडकी कोण? तर वर्षातून तीन आठवडे दिसणारी.

एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. ईराला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा तिने वरच्या बाथरूममधून रेवाला मेसेज केला. मी खाली स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. मध्ये चौदा पायऱ्या होत्या फक्त. मला रेवाचा फोन आला, "ताई, जरा वर जा, ईरा घाबरलीये." मी वर गेले, सगळं नीट केलं, शिरासुद्धा केला. पण तो फोन माझ्या छातीत जो रुतला तो रुतलाच. मत्सर म्हणा, जळफळाट म्हणा, मी नाही म्हणणार नाही. मंडळाच्या पॉटलकला मिलिंद सगळ्यांसमोर हसत हसत म्हणाला होता, "माय मरो पण मावशी उरो म्हणतात ना, ते आमच्या घरात बघा." सगळे हसले. मीही हसले. मग तीन दिवस त्याला डब्यात फक्त दहीभात दिला.

तर ट्रिप अर्थातच रेवाची आयडिया. स्पेनचं मेनोर्का नावाचं बेट आहे, भूमध्य समुद्रात. तिथे बोट भाड्याने मिळते, चालवायला माणूस न घेता — चालवणार रेवा. पूर्वेकडच्या माओ बंदरातून निघायचं, दक्षिणेच्या किनाऱ्याने पश्चिमेला सिउतादेयाला जायचं, तिथून उत्तरेकडून वळसा घालून परत. आठवडाभरात बेटाची पूर्ण प्रदक्षिणा. आईला "प्रदक्षिणा" हा शब्द ऐकूनच इतकं बरं वाटलं की ती लगेच तयार झाली. मला पोहायला येत नाही, गाडीत मागे बसले तरी मळमळतं. पण मी नाही म्हटलं असतं तर ईरा मावशीबरोबर गेली असतीच, आणि मी शॉमबर्गला बसून फोटो बघत बसले असते. तेव्हा गेले.

पहिले तीन दिवस दक्षिणेकडे समुद्र कसा, ताटातल्या पाण्यासारखा. रेवा आणि ईरा दोघी सारख्याच निळ्या टोप्या घालून पुढे बसायच्या. एकीने दोरी सोडली की दुसरीने ओढायची, बोलायची गरजच नाही. मी एकदा मदत करायला गेले तर ईरा म्हणाली, "आई, प्लीज, जस्ट सिट." म्हणून मी जस्ट सिटले. सिउतादेयाला बोट बांधली तेव्हा धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईने रेवाला इंग्रजीत विचारलं, "तुझी मुलगी का? अगदी तुझ्यासारखी दिसते." रेवा हसली. नाही म्हणायला तिला दोन क्षण लागले. मी मोजले.

हे आईनेही ऐकलं असणार. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "दोघींना बसवा शेजारी, दृष्ट काढते."

तर दृष्ट. आईच्या बॅगेत मीठ, मोहऱ्या आणि सुक्या लाल मिरच्या कायम असतात, ती चंद्रावर गेली तरी असतील. पण हे सगळं चालू होतं बोटीत! खालची केबिन म्हणजे आपल्याकडच्या न्हाणीघरापेक्षा जराशी मोठी. बाहेर उत्तरेचा वारा सुटलेला — त्याला तिथे त्रामुंताना म्हणतात — म्हणून सगळ्या खिडक्या घट्ट लावलेल्या. आणि आईला तिथल्या गॅसवर मिरच्या जाळायच्या होत्या.

"आई, अगं आपण सगळे गुदमरून मरू," रेवा म्हणाली.

"ठसका आला तर चांगलंच आहे. म्हणजे काही लागलेलं नाही. नाही आला तर मात्र लागलंय असं समजायचं," आई म्हणाली. "बसा गुमान."

त्या दोघी बसल्या. आईने मूठ ओवाळली, "आल्याची, गेल्याची, घरातल्याची, दारातल्याची..." असं पुटपुटत पाच मिरच्या सरळ ज्योतीवर धरल्या. आम्ही सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. ईरा डोळे मिटून, "ओ माय गॉड, वुई आर गोइंग टु डाय."

मिरच्या काळ्या पडल्या. त्यांची राख झाली... आणि काही नाही. ठसका नाही, खोकला नाही, डोळ्याला पाणी नाही. मिलिंदने रुमाल काढून हुंगून बघितलं. "मिरच्या जुन्या झाल्यात, आई," तो म्हणाला.

आईने राख पुसून घेतली. तिने माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं. मी भांडी विसळायला वळले.

(लॅबवाल्यांसाठी: घरी परत आल्यावर मी त्याच पाकिटातली एक — एकच — मिरची आमच्या भल्यामोठ्या किचनमध्ये, खिडकी उघडी ठेवून जाळली. स्मोक अलार्म वाजला, आणि मिलिंद अर्धा तास अंगणात उभा राहून खोकत होता.)

त्याच दिवशी आम्हाला उत्तरेच्या बाजूने फोर्नेल्स नावाच्या खाडीपर्यंत जायचं होतं. वारा वाढणार हे रेवाला माहीत होतं, पण दुपारपर्यंत पोचू असा तिचा हिशेब होता. वारा डावीकडून, म्हणजे उघड्या समुद्राकडून. उजवीकडे लांबवर काळे खडक. रेवाने मुद्दाम बोट किनाऱ्यापासून बरीच लांब ठेवलेली. सगळ्यांना लाइफ जॅकेटं, आणि वर असणाऱ्यांना बोटीला अडकवायचा पट्टा.

अकराच्या सुमाराला लाटा अशा काही वाढल्या की विचारू नका. पाणी आत यायला लागलं म्हणून रेवाने आम्हाला — मला आणि आईला — खाली केबिनमध्ये पाठवलं आणि वरून दाराच्या फळ्या लावून घेतल्या. आता नीट लक्ष द्या. मी खाली. दार बंद. वर ईरा चाक धरून, मिलिंद तिच्या शेजारी, रेवा दोऱ्यांपाशी.

मी ओकत होते. बादली मांडीत, डोकं आईच्या मांडीवर. आणि त्या ओकाऱ्यांच्या मधूनही मला वरचं हसणं ऐकू येत होतं. ईरा ओरडत होती, "मावशी, धिस इज अमेझिंग!" आणि रेवा म्हणत होती, "यू आर अ नॅचरल, बाळा." बाळा! माझ्या पोरीला!

तेव्हा माझ्या मनात जे आलं ते जसंच्या तसं लिहिते. आलं — "एकदा आपट, रेवा. ईराच्या डोळ्यांसमोर आपट." असं स्पष्ट, शब्दात. मोठ्याने नाही, मनात. पण मनापासून.

मिनिटभर गेलं असेल-नसेल. वरून मोठा धप्प आवाज आला आणि ईराची किंकाळी.

नंतर कळलं ते असं. शीड लहान करायची दोरी डोलकाठीपाशी अडकली म्हणून रेवा पुढे सरकत गेली. लाटेने बोट कलंडली आणि रेवा उडून डोलकाठीवरच्या, दोरी गुंडाळायच्या लोखंडी फिरकीवर डोक्याने आपटली. पट्टा होता म्हणून पाण्यात गेली नाही. पण शुद्ध हरपली. मिलिंद रांगत तिच्याकडे गेला आणि तिला दोन्ही हातांनी धरून पडून राहिला. त्याला बोटीतलं ओ की ठो कळत नाही. म्हणजे एवढ्या वाऱ्यात बोट चालवणारं उरलं कोण? सोळा वर्षांची पोर. एकटी.

खाली मला यातलं काही दिसत नव्हतं. मी उठायचा प्रयत्न केला आणि परत कोसळले. दाराच्या फळ्या मला आतून उघडता येईनात. बोट वेडीवाकडी हलायला लागली, भांडी खाली आली, आई रामरक्षा म्हणायला लागली. वर शिडाची फडफड इतकी की कान फुटतील. आणि त्या सगळ्या गोंधळात मला ईराचा आवाज ऐकू आला.

"ओके, आई."

मी आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे.

"ओके. ओके. नॉट द इंजिन. ओके, आई." मग जरा थांबून, "ऑल द वे? ...नाऊ? ओके, नाऊ!"

माझी मुलगी वर माझ्याशी बोलत होती. मी खाली होते. तोंडातून ओकारीशिवाय काही निघत नव्हतं.

बोट जोरात वळली, आम्ही दोघी समोरच्या भिंतीवर जाऊन आदळलो, वर शिडाचा आडवा दांडा एका बाजूकडून दुसरीकडे धाडकन गेला... आणि मग शांत. अगदी एकदम. लाटा तशाच, वाराही तसाच, पण बोट जागच्या जागी अलगद डुलायला लागली.

शेवटी मिलिंदने येऊन फळ्या काढल्या. मी चारी पायांवर वर आले. रेवा शुद्धीवर येत होती, कपाळातून रक्त. ईरा चाक गच्च धरून उभी, ओठ पांढरे. माझ्याकडे बघून तिला जराही आश्चर्य वाटलं नाही. उलट तिनेच विचारलं, "व्हेन डिड यू गो बॅक डाउन?"

मी रुमाल काढून रेवाच्या कपाळावर दाबला.

वीस-पंचवीस मिनिटांत रेवा उठून बसली आणि तिने सगळं हातात घेतलं. बोटीच्या कडेवरून बुडाखाली पाण्यात लांबच लांब दोरी लोंबत होती, ती आधी ओढून घेतली. ती रेवा पडली तेव्हा घसरून पाण्यात गेलेली. ती बघून रेवा थिजलीच. "ईरा, तू इंजिन लावलं नाहीस ना?"

"आय वॉज गोइंग टु. माय हँड वॉज ऑन द की. बट आई सेड डोन्ट, देअर इज अ रोप इन द वॉटर."

इंजिन लावलं असतं तर ती दोरी बोटीखालच्या पंख्यात गुंडाळून इंजिन बंद पडलं असतं, आणि शिडं फडफडत आम्ही त्या खडकांवर गेलो असतो. हे मी नाही, रेवाने सांगितलं. आणि ती दोरी ईरा उभी होती तिथून दिसत नव्हती. मला तर नाहीच नाही.

दुपारी फोर्नेल्सच्या खाडीत शिरलो. गावातल्या दवाखान्यात रेवाला चार टाके पडले, बाकी ठीक. मग संध्याकाळी सगळे बोटीवर बसलो आणि मी साळसूदपणे ईराला विचारलं, "मी नक्की काय काय म्हणाले गं? मला धड आठवत नाहीये, गडबडीत."

ईराने सगळं सांगितलं, आणि मराठीत सांगितलं. ती पोरगी, जी मला "हो"सुद्धा "याह" म्हणते. "तू म्हणालीस, घाबरू नको, मी आहे. पुढचं शीड आहे तसंच राहू दे. चाक डावीकडे फिरव, पूर्ण फिरव. वारा ओलांडला की उजवीकडे फिरव आणि धरून ठेव. आता सोडू नको." मग परत इंग्रजीत, "यू वर राइट बिहाइंड मी. आय कुड फील यू."

तिच्या मागे काय होतं सांगू? एक कठडा. त्याच्यामागे समुद्र.

"आणि तू 'मिलिंद, खाली वाक' म्हणून ओरडलीस," मिलिंद म्हणाला. "मी रेवाच्या अंगावर पडलो म्हणून. नाहीतर तो दांडा डोक्यात बसला असता. तुझा आवाज मी ओळखणार नाही का? वीस वर्षं ऐकतोय."

रेवा कपाळाला बर्फ लावून बसली होती. ती हळू आवाजात म्हणाली, "अशी बोट वाऱ्यात उभी करायची एक पद्धत असते, ताई. मी ती ईराला अजून शिकवली नव्हती. पुढच्या वर्षी शिकवणार होते. तुला कुठून येते?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आईसुद्धा. आणि रेवाच्या चेहऱ्यावर मला काहीतरी दिसलं, जे मी आयुष्यात कधी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. रोज आरशात मात्र बघते. तिला माझा हेवा वाटत होता. सहा उन्हाळे तिने शिकवलं, आणि ऐन वेळी पोरीने ऐकलं कोणाचं? माझं.

काय सांगू तुम्हाला, इतकं बरं वाटलं! थंडगार ताक प्यायल्यासारखं. मी खांदे उडवले आणि म्हणाले, "इतकी वर्षं तुमची बडबड ऐकतेय. शिकले असेन."

ईरा उठून माझ्या गळ्यात पडली. किती वर्षांनी!

नंतर आम्ही दोघीच असताना आई म्हणाली, "तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं, सुजाता. तू एक अक्षर बोलली नाहीस. मी कुणाला सांगणार नाही. पण हे घेतलंस ते तुझं नव्हतं."

"मग कोणाचं होतं?"

"मला काय ठाऊक!" आई चिडून म्हणाली. "मला ठाऊक असतं तर मी रामरक्षा सोडून तुलाच विचारत बसले असते का?"

याला आता वर्ष होत आलं. मी सगळ्या शक्यता तपासल्या. ईराला भीतीने भास झाला? ठीक आहे. मग मिलिंदला तोच भास, त्याच क्षणी, त्याच आवाजात? आणि पाण्यातली दोरी कोणी पाहिली? मीच ग्लानीत ओरडत होते म्हणावं तर आई शेजारी होती, आणि बोट वाऱ्यात कशी उभी करायची हे मला आज विचाराल तरी नीट सांगता येणार नाही. वर लिहिलंय ते ईराकडून पाठ केलेलं. शेवटी आमच्या लॅबमधल्या एका शहाण्या माणसाला, नाव-गाव न सांगता, विचारलं. तो म्हणाला, "आईची माया, दुसरं काय." मायेचं म्हणाल तर त्या मिनिटाला माझ्या मनात काय चाललं होतं ते वर लिहिलंच आहे. माया बघायला मिळते का त्यात, बघा.

आणि हेच मला खातंय. तो आवाज माझाच होता, कुठून तरी माझ्यातूनच गेला, असं मानलं की मी मोठी. पण मग त्या आधीच्या मिनिटाला माझ्यातून जे गेलं, ते? एक मानायचं आणि दुसरं नाही, असं कसं चालेल? लॅबमध्ये अशा रिपोर्टवर मी सहीसुद्धा करणार नाही.

ईरा सध्या गाडी शिकतेय. मी शेजारी बसते. मागच्या आठवड्यात हायवेवर असाच जोराचा वारा होता, शेजारून मोठा ट्रक आला, गाडी हलली आणि मी नेहमीप्रमाणे किंचाळले — "ब्रेक! ब्रेक! अगं मारतेस का आपल्याला!"

ईराने गाडी नीट सावरली. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "नॉट लाइक दॅट, आई. टॉक टु मी लाइक यू डिड ऑन द बोट."

मी तोंड उघडलं. मनापासून प्रयत्न केला हो. "घाबरू नको, मी आहे," म्हणाले. पण ते कसं आलं माहितीये? बँकेच्या रेकॉर्डेड मेसेजसारखं. ईराने एकदा माझ्याकडे बघितलं आणि रेडिओ लावला. इतकी वर्षं मी बहिणीवर जळले. आता माझ्याच आवाजाच्या त्या कोण कुठल्या बाईवर जळतेय. पोरीला ती हवी आहे. आणि ती कुठे भेटते हे मला ठाऊक नाही.

रेवाचे फोन हळूहळू कमी झाले. या उन्हाळ्यात ईराला बोलावलंच नाही. "कामं आहेत गं," म्हणाली. मग हसून, "आणि तिला आता माझी काय गरज? घरीच कॅप्टन आहे." स्वतःची बोटही विकायला काढलीये असं मिलिंदला म्हणाली. ईरा विचारते, "डिड आय डू समथिंग?" मी म्हणते, नाही गं, मावशी बिझी आहे. जे मला इतकी वर्षं हवं होतं ते सगळं झालं, आणि पोरगी रोज फोन बघून खोलीत जाते.

ईराला मराठी वाचता येत नाही, म्हणून इथे एवढं मोकळेपणाने लिहिलं. रेवाला येतं. ती या ग्रुपवर आहे. कधी कॉमेंट करत नाही, पण वाचते, मला माहितीये.

रेवा, तो आवाज माझा नव्हता. मी खाली ओकत होते, आईला विचार. कोण होतं ते मला माहीत नाही, आणि कधी कळेल असं वाटत नाही. तू पडावीस असं मात्र माझ्याच मनात आलं होतं. फोनवर सांगायचं धाडस झालं नाही, तीनदा नंबर काढून ठेवून दिला. बोट विकू नकोस. ईराची शाळा सुरू व्हायला अजून पाच आठवडे आहेत, तिकीट मी काढते. तुमचे फोटो येतील, सारख्या टोप्या घातलेले, आणि मला त्रास होईल. होऊ दे.